परतीची वाट आणि कराचा हिशेब

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा प्रथम मनात आले की मधुमेह किंवा रक्तदाब यांवर चार शब्द लिहून मोकळे व्हावे. त्या विषयांत माझी लेखणी सहज चालते. परंतु गेल्या काही महिन्यांत आपल्या संस्थेतील किमान पाच-सहा डॉक्टर बंधू-भगिनींनी मला एकच प्रश्न विचारला : "तुमचे धाकटे बंधू विलायतेहून परत आले, त्यांना कर वगैरे कसा लागला हो?" विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांची मुले इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा दुबई येथे आहेत. त्यातील कोणी ना कोणी कधीतरी परतेल, ही आशा आईवडिलांच्या मनातून जात नाही. म्हणून औषधोपचाराचा विषय बाजूला ठेवून, नव्या देशात रहिवासी होणाऱ्या माणसाला सरकारे करात सवलत का देतात, ती कशी मिळते आणि आमच्या घराला त्या सवलतीची काय किंमत पडली, हे मी लिहिणार आहे. मी करसल्लागार नव्हे, बोरगावसारख्या ठिकाणी तीन दशके दवाखाना चालवणारा साधा डॉक्टर आहे, हे वाचकांनी कृपया ध्यानात असू द्यावे.

कौल आणि इस्तावा

परक्या माणसाला करात सूट देऊन आपल्या मुलखात वसवणे ही कल्पना आज आपल्याला युरोपातील वाटते, पण आपल्या मातीला ती मुळीच नवी नाही. मराठेशाहीत ओसाड पडलेला गाव पुन्हा वसवायचा असला किंवा नवी पेठ उभी करायची असली, की सरकारातून कौल दिला जाई. येऊन राहणाऱ्या कुणब्याला, उदम्याला, कारागिराला ठराविक वर्षे कर माफ असत किंवा नाममात्र असत. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला इस्तावा मिळे, म्हणजे पहिल्या वर्षी सारा अगदी हलका, मग दरसाल थोडा थोडा वाढत जाऊन काही वर्षांनी पूर्ण. गावात पिढ्यान्पिढ्या वतन असलेला तो मिरासदार आणि बाहेरून येऊन जमीन कसणारा तो उपरी. उपऱ्याला सवलत द्यायची, कारण त्याला गावाशी बांधणारे दुसरे काही नसते. सवलत नसेल तर तो शेजारच्या जहागिरीत निघून जाईल.

आपल्या भागाचा इतिहासही असाच. आपल्यापासून जवळच असलेल्या देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने दूरदूरच्या मेहनती शेतकऱ्यांना व कारागिरांना आपल्या राज्यात आणून वसवले आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीस नागपूर शहराचा पाया घातला. पुढे भोसल्यांचा अंमल आला. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील आपले सौंसर व पांढुर्णा हे तालुके मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये याच दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या सगळ्या उलथापालथीत आपल्यापैकी कोणाचे पूर्वज कोणत्या कौलावर इथे आले, हे आता कोणालाच आठवत नाही. उपऱ्यांचे मिरासदार झाले, एवढे मात्र खरे.

बोरगावच्या औद्योगिक वसाहतीची कथाही याहून फार निराळी नाही. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, महाराष्ट्राच्या सीमेला लागून, ही वसाहत उभी राहिली. रेमंडसारखा मोठा कापड कारखाना इथे आला. मागास भागात उद्योग यावेत म्हणून निरनिराळी राज्ये विक्रीकरात सूट देत होती आणि एकमेकांवर कुरघोडी करत होती. महाराष्ट्राची प्रोत्साहन योजना तर १९६४ पासूनची. अखेर या चढाओढीत सर्वांचीच तिजोरी रिकामी होते, हे राज्यांच्या ध्यानात आले. नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्यमंत्र्यांच्या परिषदेत ठरले आणि १ जानेवारी २००० पासून नव्या उद्योगांना विक्रीकराची अशी सवलत देणे बंद करावयाचे, असा निर्णय झाला. माझ्या दवाखान्यात येणारा कामगार मी तेव्हापासून पाहतो आहे. सवलतीची मुदत संपली की काही शेडना कुलूप लागले. ज्यांनी इथल्या माणसांना काम शिकवले, घरे बांधली, ते कारखाने टिकले. सवलतीने माणूस दारापर्यंत येतो. तो घरात राहील की नाही, हे दुसऱ्याच गोष्टींवर ठरते. हा धडा मी पुस्तकातून शिकलेलो नाही, वसाहतीच्या रस्त्यावर शिकलो आहे.

देशोदेशींचे कौल

आता जगाकडे पाहू. ब्रिटनमध्ये ज्यांचे मूळ घर परदेशात आहे अशा रहिवाशांना परदेशातील उत्पन्नावर सवलत देणारी पद्धत १७९९ पासून चालत आली होती. ती ६ एप्रिल २०२५ पासून रद्द झाली. तिच्या जागी नवी योजना आली : सलग दहा वर्षे ब्रिटनबाहेर राहिलेला माणूस तेथे रहिवासी झाला, तर पहिली चार वर्षे त्याच्या परदेशी उत्पन्नावर व नफ्यावर तेथे कर नाही. न्यूझीलंडने २००६ पासून नव्या रहिवाशाला ४८ महिन्यांची अशीच मोकळीक दिली आहे. स्पेनने २००५ मध्ये परदेशातून कामासाठी येणाऱ्यांना सपाट दराने कर लावण्याची सोय केली. फुटबॉलपटू बेकहॅम याने तिचा लाभ घेतल्यामुळे लोक तिला त्याच्याच नावाने ओळखू लागले.

पोर्तुगालने २००९ मध्ये योजना आणली, तिच्यात परदेशी पेन्शनवर दहा वर्षे करच नव्हता. युरोपातील पेन्शनधारकांची रीघ लागली. ज्या देशांनी त्यांना आयुष्यभर शिकवले, पोसले, त्यांना हे रुचले नाही. फिनलंडने पोर्तुगालबरोबरचा करारच मोडला आणि पुढे स्वीडननेही तोच मार्ग धरला. २०२० मध्ये पोर्तुगालने नव्याने येणाऱ्यांच्या पेन्शनवर दहा टक्के कर लावला. लिस्बनमध्ये घरांच्या किमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेल्याची ओरड वाढत गेली आणि अखेर २०२४ पासून ही जुनी योजना नव्या अर्जदारांना बंद झाली.

इटलीचे उदाहरण डॉक्टरांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. तेथील श्रीमंतांसाठीची योजना २०१७ ची : वर्षाला एक लाख युरो भरा, परदेशी उत्पन्नाचा हिशेब आम्ही विचारणार नाही. २०२४ मध्ये ही रक्कम नव्याने येणाऱ्यांसाठी दुप्पट झाली. पण २०१९ ची दुसरी योजना आपल्यासारख्या गावांची आहे. दक्षिण इटलीतील ओस पडत चाललेल्या छोट्या गावांत परदेशी पेन्शनधारक राहावयास आला, तर त्याच्या परदेशी उत्पन्नावर फक्त सात टक्के कर. लोकसंख्येची मर्यादा सुरुवातीला २० हजार होती. म्हातारी माणसे तर बोलावली, पण त्यांना तपासणार कोण? त्याच दक्षिणेतील कॅलाब्रिया प्रांतात डॉक्टरांचा एवढा तुटवडा पडला की २०२२ च्या अखेरीपासून क्यूबाहून डॉक्टर आणावे लागले. करसवलतीने घरे भरता येतात, वॉर्ड भरता येत नाहीत, हे त्या गावांनी अनुभवले.

मराठी माणसाच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण इस्राएलचे. कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे रोहेकर, पेणकर, नवगावकर अशी गावांची आडनावे मिरवणारे आणि घरात मराठी बोलणारे लोक. १९४८ नंतर त्यांच्यापैकी हजारो जण इस्राएलला गेले, तेव्हा वाट्याला आली ती वाळवंटाकाठची नवी गावे आणि अंगमेहनत. नव्याने येणाऱ्याला, तसेच दीर्घकाळ बाहेर राहून परतणाऱ्यालाही, परदेशी उत्पन्नावर दहा वर्षे करमाफी देण्याची तेथील उदार सुधारणा २००८ ची. ती पिढी त्याआधीच रुजली होती. तेथे त्यांनी 'मायबोली' हे मराठी नियतकालिक चालवले. कोणत्याही सवलतीवाचून माणसे कशाच्या जोरावर टिकतात, याचे उत्तर कदाचित त्या नावातच असेल.

आपल्या देशाची सवलत

भारत परदेशी माणसाला अशी काही सवलत देतो का? देतो, पण जाहिरात करत नाही. आपल्या आयकर कायद्यात माणसाच्या तीन अवस्था आहेत : अनिवासी, निवासी, आणि या दोहोंच्या मधली, जिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आर.एन.ओ.आर.' म्हणतात. म्हणजे निवासी, परंतु सामान्यतः निवासी नव्हे. ही मधली अवस्था इंग्रजी अमदानीतील १९२२ च्या कायद्यातही होती, १९६१ च्या कायद्यात राहिली, आणि १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही कायम आहे.

पूर्ण निवासी माणसाला साऱ्या जगातील उत्पन्नावर भारतात कर लागतो. मधल्या अवस्थेतील माणसाला भारतातील उत्पन्नावर कर लागतो, पण परदेशात निर्माण झालेल्या आणि परदेशातच हाती आलेल्या उत्पन्नावर लागत नाही. अपवाद एवढाच की तो धंदा भारतातून चालवला जात नसावा वा तो व्यवसाय भारतात सुरू केलेला नसावा. माणूस मूळचा भारतीय आहे की जन्माने परदेशी, हा प्रश्न येथे येत नाही. प्रश्न येतो तो दिवसांचा.

मोजणी अशी. एका आर्थिक वर्षात १८२ किंवा अधिक दिवस भारतात राहिलात, तर त्या वर्षी तुम्ही निवासी. त्या वर्षी ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले, तरीही निवासी. भेटीपुरते येणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांसाठी ही ६० दिवसांची अट शिथिल आहे. मात्र ज्यांचे भारतातील उत्पन्न १५ लाखांवर आहे त्यांच्यासाठी २०२० पासून १२० दिवसांचा निराळा नियम आहे. निवासी ठरल्यावर दुसरी चाळणी लागते. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षे तुम्ही अनिवासी होता, *किंवा* आधीच्या सात वर्षांत मिळून ७२९ वा त्याहून कमी दिवस भारतात होता, तर तुम्ही मधल्या अवस्थेत बसता. या 'किंवा'वर वाचकांनी बोट ठेवावे. आमची सारी कहाणी त्या एका शब्दाची आहे.

आमच्या घरचा हिशेब

माझा धाकटा भाऊ नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होऊन इंग्लंडला गेला, तेथे रेडिओलॉजिस्ट झाला, तेथल्या सरकारी आरोग्यसेवेत त्याची उमेद गेली. त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले, भारतात येण्याजाण्यासाठी ओ.सी.आय. कार्ड घेतले. म्हणजे ज्या घरात तो जन्मला त्या घरी तो कायद्याने परदेशी. आम्ही दोघे एकाच ताटात जेवलेलो, पण जुन्या भाषेत मी मिरासदार आणि तो उपरी.

३० सप्टेंबर २०२४ रोजी तो निवृत्त होणार होता. वहिनीची संमती होती, मुले आपापल्या जागी लागली होती. बाबांचे वय अठ्ठ्याऐंशी. भाऊ कायमचा येतो आहे, हे कळल्यापासून त्यांनी संत्र्याच्या बागेतली जुनी विहीर उपसून घेतली, कडेला त्याच्यासाठी दोन खोल्या बांधायला काढल्या. १० ऑक्टोबरचे तिकीट ठरले, म्हणजे १२ तारखेचा दसरा घरी. भावाने कराचा हिशेब केलेलाच होता : १० ऑक्टोबर ते ३१ मार्च हे १७३ दिवस, १८२ पेक्षा कमी. ते वर्ष तो अनिवासी राहणार, पुढची दोन वर्षे मधल्या अवस्थेत. मार्च २०२७ पर्यंत तेथली बचत, घरभाडे, निवृत्तीची रक्कम सावकाश मार्गी लावता येईल.

ऑगस्टच्या मध्यास बाबा बागेत घसरून पडले. खुब्याचे हाड मोडले. २० ऑगस्टला भाऊ धावत आला. नागपुरात शस्त्रक्रिया झाली. पोळ्याला, २ सप्टेंबरला, बाबा खाटेवर होते आणि भाऊ त्यांच्या उशाशी. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची गोटमार, तेव्हा जखमींना टाके घालायला दरवर्षीप्रमाणे मी तिकडे गेलो. घरी भाऊ आहे, म्हणून मी त्या दिवशी निर्धास्त होतो. २३ सप्टेंबरला तो परत गेला, निवृत्तीचे सोपस्कार पुरे करायला.

या धावपळीच्या भेटीचे दिवस झाले ३५, कारण येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरतात. १७३ आणि ३५ मिळून २०८. म्हणजे तो याच वर्षी निवासी ठरणार. त्याच्या वहीत दहापैकी नऊ वर्षांचा नियम लिहिलेला होता. त्या नियमाने मधली अवस्था मार्च २०२६ मध्येच संपत होती. एका वर्षाची सवलत बुडत होती आणि रक्कम लहान नव्हती. त्याने मला दूरध्वनी केला, "दादा, १८१ दिवसांत बसायचं तर ६ नोव्हेंबरच्या आधी येता येत नाही. सत्तावीस दिवसांचाच प्रश्न आहे."

मी काय म्हणालो, ते प्रामाणिकपणे सांगतो. मी म्हणालो, "ठीक आहे, बाबांची मी काळजी घेतो." डॉक्टर म्हणून मला ठाऊक होते की या वयात खुब्याच्या अस्थिभंगानंतरचे पहिले काही महिने अतिशय जोखमीचे असतात. रोग्याच्या नातेवाइकांना मी हे नेहमी बजावून सांगतो. माझ्या भावाला मी ते सांगितले नाही. पैशाचा प्रश्न होता, तो त्याचा होता, आणि मोठ्या भावाने आड येऊ नये असे मला वाटले.

त्या वर्षी दसऱ्याचे सोने बाबांनी उशीखाली राखून ठेवले. दिवाळी आली. ३ नोव्हेंबरला भाऊबीज. पांढुर्ण्याहून बहीण आली, तिने दोन पाट मांडले, एकावर मला ओवाळले आणि दुसऱ्या पाटासमोर तबक तसेच फिरवले. तीन दिवसांनी येणाऱ्या भावासाठी तीन दिवस आधी. बाबांना सारा हिशेब मी समजावून सांगितला होता. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "दिवस मोजून येते तो पाहुना असते बाप्पा. पोरगा काही दिवस मोजून येत नसते."

६ नोव्हेंबरला भाऊ आला. आंबिया बहाराची तोडणी चालू होती. बाबांना खुर्चीवर बसवून आम्ही बागेत नेले. ऐंशीव्या दिवशी, संक्रांतीनंतर दहा दिवसांनी, छातीत संसर्ग वाढून बाबा गेले. जे मी इतरांच्या आईवडिलांविषयी सांगत आलो होतो, तेच घडले.

'किंवा' हा शब्द

पुढे मे महिन्यात विवरणपत्राच्या तयारीसाठी आम्ही नागपूरच्या एका जाणकार सनदी लेखापालांकडे गेलो. त्यांनी पारपत्रावरचे शिक्के पाहिले, कागदावर चार आकडे मांडले आणि सहज विचारले, "तुम्ही ऑक्टोबरमध्येच का नाही आलात?"

त्यांचा हिशेब असा. समजा भाऊ १० ऑक्टोबरला आला असता. ते वर्ष तो निवासी, पण मधल्या अवस्थेत. पुढचे वर्षही दहापैकी नऊच्या नियमाने मधल्या अवस्थेत. आणि तिसरे वर्ष, म्हणजे २०२६-२७? त्यासाठी दुसरा नियम : आधीच्या सात वर्षांतील एकूण दिवस. पहिल्या वर्षाचे २०८, दुसऱ्याचे पूर्ण ३६५, आणि त्याआधीच्या पाच वर्षांतल्या भेटींचे मिळून साधारण शंभर, कारण कोविडच्या वर्षी त्याला येताच आले नव्हते. बेरीज ६७३. मर्यादा ७२९ ची. म्हणजे ऑक्टोबरमध्ये आला असता, तरी मधली अवस्था ३१ मार्च २०२७ पर्यंतच चालली असती. नोव्हेंबरात आल्यानेही ती तेथेच संपते. सत्तावीस दिवसांनी त्याच्या सवलतीत एका दिवसाचीही भर पडली नव्हती.

कार्यालयातून खाली उतरल्यावर भाऊ बराच वेळ गाडीत बसला नाही. मग म्हणाला, "दादा, चूक कायद्याची नाही. मी अर्धंच वाचलं." मी त्याला सांगितले की अर्धी चूक माझी आहे. खुब्याच्या हाडाविषयीचे माझे वाक्य मी त्याला बोललो असतो, तर त्याने वही मिटली असती.

परदेशातील मुलांच्या आईवडिलांसाठी

हा अनुभव वाचकांच्या उपयोगी पडावा म्हणून त्यातून निघालेल्या काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. पहिली अशी की परतण्याची तारीख ठरवण्याआधी दोन्ही नियमांनी, मागच्या दहा वर्षांच्या प्रत्येक भेटीचे दिवस मांडून, जाणकाराकडून हिशेब करून घ्यावा. पुष्कळदा भीती अर्ध्या नियमाची असते.

दुसरी, परदेशी पेन्शन वा भाडे मधल्या अवस्थेत असताना आधी परदेशातील खात्यात जमा व्हावे. ते प्रथमतः भारतातच हाती आले तर येथे करपात्र होते. तिसरी गोष्ट डॉक्टरांसाठी. माझ्या भावाला इंग्लंडमधून क्ष-किरण चित्रे पाहून अहवाल देण्याचे काम आले होते. बोरगावात बसून केलेल्या कामाचा मोबदला पौंडांत मिळाला, तरी ते उत्पन्न भारतातले. तेथे ही सवलत लागू नाही.

चौथी, परकीय चलनाचा कायदा वेगळा आणि आयकराचा वेगळा. कायमचा राहण्याच्या हेतूने माणूस आला की त्याची अनिवासी खाती निवासी करून घ्यावी लागतात किंवा पैसा आर.एफ.सी. खात्यात वळवावा लागतो. मधल्या अवस्थेत त्या खात्याच्या व्याजावर कर नाही. परदेशात असताना मिळवलेली तेथील मालमत्ता मात्र तशीच ठेवता येते. पाचवी, मधली अवस्था संपून पूर्ण निवासी झाल्यावर विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवणे बंधनकारक आहे. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून वीस लाखांपर्यंतच्या मालमत्तेला या दंडातून सूट आहे, पण दाखवण्याची सवय ठेवणेच उत्तम. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा येथील निवृत्ती-खात्यांसाठी २०२१ मध्ये निराळी तरतूद झाली, तिचीही चौकशी करावी.

सहावी, व्यवसायाची. ओ.सी.आय. कार्डधारक डॉक्टरला भारतात व्यवसाय करण्याची मुभा २००९ च्या अधिसूचनेने दिली आहे, पण वैद्यक परिषदेची नोंदणी हवीच, आणि सोनोग्राफी करावयाची तर १९९४ च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखालचे सारे नियम पाळावयाचे.

सातवी आणि आम्हाला सर्वांत लागलेली. ओ.सी.आय. म्हणून शेतजमीन विकत घेता येत नाही, परदेशी असताना बक्षीसपत्रानेही घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते. बाबांना हयातीतच बागेचा अर्धा हिस्सा धाकट्याच्या नावे करून द्यायचा होता. ते जमले नाही. ती बाग त्याच्याकडे आली, पण ज्या वाटेने आली ती वाट आम्हा कोणालाच नको होती.

समारोप

आज भाऊ बागेकडेच्या दोन खोल्यांत राहतो. आठवड्यातून ठराविक दिवशी सौंसरला जाऊन क्ष-किरण आणि सोनोग्राफीचे काम पाहतो. पूर्वी ज्या रोग्यांना मी नागपूरला पाठवत असे, त्यांतले पुष्कळ आता जिल्ह्यातच तपासले जातात. त्याची सवलत ३१ मार्च २०२७ ला संपेल, हे त्याला ठाऊक आहे. मी त्याला एकदा विचारले, "मग पुढे?" तो म्हणाला, "पुढे सगळ्यांसारखा भरेन. इस्तावा संपला की पूर्ण सारा द्यायचाच असतो."

डॉक्टर बंधू-भगिनींनो, सवलत घेण्यात गैर काही नाही. कायद्याने दिलेले आहे, ते नीट समजून जरूर घ्यावे. पण मुलगा दूरध्वनीवर दिवस मोजू लागला, तर त्याच्या वहीतला हिशेब तपासून पाहा, आणि त्या वहीत जे लिहिलेले नसते ते त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. आपल्याला ते ठाऊक असते. आपण डॉक्टर आहोत.

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला बहिणीने दोन पाट मांडले आणि दोन्ही पाटांवर माणसे होती. ओवाळून झाल्यावर तिने धाकट्याला विचारले, "यंदा किती दिवस?" त्याने उत्तर दिले नाही, नुसते हसला आणि ओवाळणी तिच्या तबकात टाकली.